चार नंबरचं दार

टुंग असा आवाज झाला तेव्हा ऑफिसात चहा चालला होता, त्यामुळे कोणीच लगेच वर पाहिलं नाही. शीतगृहाच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या कुठल्याही चेंबरचं दार उघडलं की हा आवाज व्हायचा आणि भिंतीवरच्या पडद्यावर उघडणाऱ्याचं नाव यायचं. दोन वर्षांपूर्वी तेजलने ही सोय केली तेव्हा पहिले आठ दिवस घरातले सगळे हातातलं काम टाकून पडदाच बघत बसायचे. नंतर त्या आवाजाची इतकी सवय झाली की तो कोणाच्या कानातच शिरेना.

"कोण गेलं गं आत?" वाल्मीकने विचारलं. त्याचं लक्ष बशीतल्या बिस्किटाकडे होतं.

तेजलने मान वर केली.

पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: जयराम पुंजाराम. चेंबर एक. सकाळी दहा वाजून सहा मिनिटं.

जयरामला जाऊन चौदा महिने झाले होते.

"तेजल, कोण गेलं विचारतोय मी," वाल्मीक म्हणाला आणि मग त्यानेही पाहिलं. बिस्कीट चहात पडलं, ते त्याने काढलंही नाही.

दारापाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर आक्काबाई बसली होती. तिला वाचता येत नव्हतं, पण पोराचं आणि नातीचं तोंड वाचायला अक्षरओळख लागत नाही. "काय झालं? बोला की कोणीतरी."

"आजी, पडद्यावर काकांचं नाव आलंय," तेजल म्हणाली. "काकांच्या कार्डाने दार उघडलं. आत्ता."

जयरामच्या बायकोने, निकिताने, हातातला कप टेबलावर ठेवला. तो नेमका त्या कागदांवर ठेवला गेला. शीतगृहातल्या जयरामच्या भागीदारीवर माझा आणि माझ्या मुलीचा काही हक्क राहिला नाही, असं त्या कागदांवर टाइप केलेलं होतं आणि दुपारी तीन वाजता वकिलाच्या ऑफिसात तिने त्यांवर सही करायची होती. वरच्या पानावर चहाचा गोल डाग उमटला. सोमनाथमामांनी कागद झटकन ओढून घेतले. आक्काबाईचे हे धाकटे भाऊ. घरात कुठलाही कागद झाला की त्यांच्या प्लास्टिकच्या फोल्डरमधूनच व्हायचा.

"कार्ड बंद केलं नव्हतं का?" मामांनी विचारलं.

"मी करू दिलं नाय," आक्काबाई म्हणाली. हे सगळ्यांना माहीतच होतं. जयराम गेला तेव्हा तिने बजावून सांगितलं होतं: रेशनकार्डावरून, शीतगृहाच्या पाटीवरून, कॉम्प्युटरवरून, कुठूनच त्याचं नाव कमी करायचं नाही. नवरा गेला तेव्हाही तिने हेच केलं होतं. पुंजारामांना जाऊन अकरा वर्षं झाली तरी रेशनकार्डावर ते होतेच. शेवटी दुकानदारानेच कार्ड ओढून घेतलं, तर ही बाई त्याच्याशी भांडून आली.

"मशीन बिघडलं असेल," वाल्मीक म्हणाला.

तेजलला ते ऐकून चमत्कारिक वाटलं. चौदा महिन्यांत बाबा पहिल्यांदाच असं म्हणत होते. नाहीतर 'मशीन खोटं बोलत नाही' हे त्यांचं वाक्य तिला पाठ झालं होतं. याच वाक्याने त्यांनी जयरामकाकांना चोर ठरवलं होतं. काका गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या कार्डाने चेंबर तीनमधून बेदाण्याच्या एकशे बारा पेट्या बाहेर काढल्याची नोंद होती. पेट्या नवनाथ नावाच्या शेतकऱ्याच्या. तीनमधून निघाल्या आणि पुढे कुठेच चढल्या नाहीत. म्हणजे विकल्या. म्हणजे जयरामने विकल्या. झटका येऊन माणूस सकाळी गेला तो का गेला, याचंही उत्तर लोकांनी त्यातच शोधलं. ती नोंद तेजलनेच छापून बाबांच्या हातात दिली होती. तेव्हापासून त्या कागदाची आठवण झाली की तिला जेवण जात नसे.

"बिघडलंय का ते बघू या तरी," ती म्हणाली आणि उठली.

*

चेंबर एकपर्यंत जेमतेम साठ पावलं. निकिताला ती संपता संपेनात. सासूबाई पुढे चालल्या होत्या, गुडघे धरत, आणि बाकीचे तिघं मागे रेंगाळत होते. निकिताला मनातून आत कोण असेल हे अजिबात बघायचं नव्हतं, आणि धावत जाऊन आधी आपणच बघावं असंही वाटत होतं. असं वाटणं वेडेपणाचं आहे हे तिला कळत होतं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरी केलेल्या, देवळातही घाईघाईने जाऊन येणाऱ्या बापाची ती मुलगी. तरी ती मनात म्हणत होती, एकदाच दिसा, मग मी विचारेन, पेट्या कुठे आहेत तेवढं सांगून जा.

आक्काबाईने जाड दार ढकललं. गार धुकं बाहेर आलं आणि धुक्यातून कानटोपी घातलेला, दोन स्वेटर चढवलेला एक माणूस हातगाडी ओढत बाहेर आला.

"रामराम आक्का," तो म्हणाला. "तुम्ही धा वाजता या म्हणलं, म्हणून आलो. म्हणलं मोजायला लागावं, चहा काय पळून जातोय."

"केरू!" आक्काबाईने त्याचा दंडच धरला. "मेल्या, ऑफिसात तोंड दाखवायचं का नाय आधी?"

केरूने या शीतगृहात आणि त्याआधीच्या पत्र्याच्या गोदामात चाळीस वर्षं माल लावला होता. पुंजारामांच्या वेळी मोजणी केरूची म्हणजे मोजणी, बाकीच्यांची नुसती बडबड. जयराम गेल्यावर पंधराव्या दिवशी वाल्मीकने त्याला दिंडोरीकडच्या बागेवर पाठवून दिलं, वय झालं म्हणून. आजच्या मोजणीला त्याला बोलवायची गोष्ट निघाली तेव्हा वाल्मीक म्हणाला होता, तो आजारी आहे. आक्काबाईने नातवाच्या वयाच्या एका शेजाऱ्याकडून परस्पर फोन लावून घेतला होता. सही करायच्या आधी सगळा माल एकदा मोजायचा आणि तो केरूनेच मोजायचा, एवढीच तिची अट होती.

"तू तर आजारी होतास," सोमनाथमामा म्हणाले.

"मी? नाय बा. कोण म्हणलं?"

मामांनी वाल्मीककडे पाहिलं. निकिताला मात्र दुसरंच काही दिसलं होतं. केरूच्या गळ्यात काळ्या गोफात एक कार्ड लटकत होतं आणि कार्डावर जयरामचा फोटो होता. निळा शर्ट घातलेला. तो शर्ट तिनेच इस्त्री करून दिला होता, फोटो काढायचा म्हणून.

"हे तुमच्याकडे कसं?" तिने विचारलं.

"हे व्हय? जयरामभाऊनीच दिलं होतं." केरूने आपला उजवा अंगठा पुढे केला. "मजुरांनी आंगठा लावायचा म्हणले ना, पण माझा आंगठा त्या मशीनला दिसतच नाय. रेशनच्या दुकानात बी तसंच. पोती उचलून उचलून सगळा गुळगुळीत झालाय, बघा. मी दाराशी उभा राहून लय आंगठे घासले. मग भाऊ म्हणले, केरूबाबा, माझं कार्ड घे, मी आंगठ्याने येतो जातो."

"कधी दिलं?" तेजलने विचारलं.

"मशीन बसलं त्याच महिन्यात."

तेजल भिंतीला टेकली. मजुरांना कार्ड द्यायचं नाही, हरवतात, विकतात. कार्ड फक्त घरच्यांना, हा नियम बाबांचा होता. म्हणजे जयरामकाकांच्या कार्डाची प्रत्येक नोंद ही केरूबाबांची नोंद होती. अगदी पहिल्या महिन्यापासूनची. आणि हे तिला माहीत नव्हतं, जिने ते मशीन बसवलं होतं तिला.

निकिता केरूच्या अगदी जवळ गेली. "केरूबाबा, मी विचारते त्याचं नीट आठवून सांगा. तीन नंबरमधून नवनाथच्या एकशे बारा पेट्या तुम्ही काढल्या?"

"काढल्या की."

"कुठे गेल्या?"

"जातील कुठं? चार नंबरात लावल्या." केरू सगळ्यांकडे आळीपाळीने बघायला लागला. "का बरं? काय झालं?"

सोमनाथमामांचा फोल्डर हातातून निसटून खाली पडला, तो उचलायला ते वाकलेही नाहीत.

"पण का हलवल्या?" तेजलने विचारलं. "तीनमध्ये जागा होती की."

"जागा होती, पण शेजारी ललितचा माल लावला होता ना तुम्ही. नवनाथचा चुलतभाऊ. बांधावरनं दोघांची कोर्टात केस चालू हे. माल न्यायला दोघं एका दिवशी आले म्हंजे पेट्या फेकून मारतील एकमेकाला. ज्यांचं बोलणं बंद, त्यांचा माल एका खोलीत लावायचा नाय, ही थोरल्या मालकांची रीत. तुमच्या मशीनला कोणाचं कोणाशी वाकडं ते कुठं कळतं? म्हणून हलवला."

ही रीत आक्काबाईला माहीत होती, वाल्मीकला माहीत होती, मामांना माहीत होती. तिघांपैकी एकालाही ती तेव्हा आठवली नव्हती.

"आणि हे कोणाला सांगावंसं नाही वाटलं तुला?" मामा एकदम ओरडले. ओरडणं खरं तर स्वतःवरच होतं.

"सांगितलं ना! त्याच संध्याकाळी जयरामभाऊला फोन केला. चार नंबर मशीनमधी नाय, मला ठावं हे. ते म्हणले, बरं झालं हलवला, सकाळी आलो की मी मशीनमधी चढवतो." केरू थांबला. "मग सकाळी..."

निकिता खाली बसली, तिथेच, ओल्या फरशीवर. चौदा महिने ती एकच गोष्ट उगाळत होती: शेवटच्या संध्याकाळी फोन आला, जयराम हसला, 'बरं झालं हलवला' म्हणाला आणि कोणाचा फोन म्हणून तिने विचारलं तर 'काही नाही गं, गोदामाचं' म्हणाला. माल विकणारा माणूस हलवल्याचा आनंद मानतोय, असा तिने त्या हसण्याचा अर्थ लावला होता. बाकी कोणाला ती हे बोलली नव्हती. नवऱ्याला चोर समजणाऱ्यांत तीही एक होती.

*

चार नंबर सगळ्यांत जुनं चेंबर, पुंजारामांनी बांधलेलं. भावाभावांच्या वादात अडकलेला, निकाल लागेपर्यंत कोणीच न्यायचा नाही असा माल तिथे पडून असायचा, म्हणून तो कॉम्प्युटरवर चढवलाच नव्हता. दाराला बाकीच्या दारांसारखं कार्डा-अंगठ्याचं कुलूप होतं, एवढंच. वाल्मीक सकाळपासून सांगत होता, चार नंबर मोजायची गरज नाही.

"मी बाहेर थांबतो," तो आताही म्हणाला. "मला गारठा सोसत नाही हल्ली. इथे तर मी चार-पाच वर्षांत पाऊल ठेवलं नाही."

"चल," आक्काबाई म्हणाली. "तुझ्या भावाचा विषय हे."

केरूने दार उघडलं. आतला दिवा कधीचा गेलेला, मोबाइलचे उजेड लावून सगळे शिरले. दाराच्या आत पाण्याची मोरी होती आणि तिच्यावरची जाळी मोडल्यामुळे कोणीतरी आडवी फळी टाकली होती. मामा फळीला अडखळले आणि शिवी हासडली. तेजल अडखळली. निकिताला केरूने हात धरून सांभाळलं. आक्काबाईने दाराची चौकट धरली होती आणि मागून येणाऱ्यांना वाट द्यायला ती बाजूला सरली.

वाल्मीक शेवटी आला. त्याच्या हातात उजेड नव्हता. फळीपाशी त्याने पाय उचलला आणि तो सहज पलीकडे गेला.

आक्काबाईने ते पाहिलं. जाळी मागच्या पावसाळ्यात मोडली, हे गडी तिला सांगून गेला होता. चार-पाच वर्षांत पाऊल न ठेवणाऱ्याला फळी कशी ठाऊक? तिने तो विचार लगेच झटकला. आई होती ती. अंधारात पाय उचलला म्हणून पोटच्या पोराबद्दल असं काही मनात आणायचं नसतं.

"हे बघा," केरू आतून म्हणाला.

मागच्या भिंतीला लागून, काळ्या ताडपत्रीखाली, डोक्याएवढ्या उंचीपर्यंत पेट्या रचलेल्या होत्या. प्रत्येक थराच्या कोपऱ्यावर खडूने त्रिशूळ काढलेला. केरूला लिहिता येत नव्हतं. नवनाथची खूण त्रिशूळ, ललितची खूण बैलाची शिंगं, अशी त्याने साठ-सत्तर शेतकऱ्यांची स्वतःची बाराखडी केली होती.

"तेजल," निकिता म्हणाली, "मोज."

"काकू, आता मोजायचं काय—"

"मोज म्हणते ना."

तेजलने कमरेचा स्कॅनर काढला. पेटीवरच्या चिठ्ठीवर लाल रेघ पडायची आणि बारीक आवाज यायचा. एक, दोन, तीन. निकिता प्रत्येक पेटीवर तळहात ठेवून पुढे सरकत होती. तिच्या मनगटात नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या. नवनाथची भरपाई करायला तिने पाटल्या उतरवून वाल्मीकच्या हातात दिल्या होत्या, आक्काबाईच्या डोळ्यांदेखत. आक्काबाईने तेव्हा तिला अडवलं नव्हतं. उलट तिला वाटलं होतं, पोराचं पाप सुनेने फेडलं.

स्कॅनर एकशे बारावर थांबला. एकही पेटी कमी नव्हती, एकही जास्त नव्हती. मामा तोंडावर उपरणं धरून हुंदके देत होते. या माणसाला कोणी रडताना पाहिलं नव्हतं. केरूला आत्ता कुठे उमगत होतं की आपल्या पाठीमागे काय घडलं, आणि तो पुन्हापुन्हा म्हणत होता, "मला कोणी इचारलंच नाय. एक शब्द इचारला असता तर. मी तिकडं बागेत होतो, आक्का, मी काय लांब होतो?"

आक्काबाईने सगळ्यांच्या तोंडांवरून नजर फिरवली. तेजल पांढरीफटक पडली होती. मामा कोलमडले होते. निकिता पेटीला डोकं टेकून उभी होती. फक्त वाल्मीकचं तोंड, मोबाइलच्या उजेडात, जसंच्या तसं होतं. त्या पेट्या तिथे निघाल्याचं आश्चर्य त्याच्या तोंडावर कुठेच नव्हतं.

आता तिला तो विचार झटकता आला नाही.

*

ऑफिसात परत आल्यावर पहिल्यांदा मामा बोलले. फोल्डरमधले कागद काढून त्यांनी निकितासमोर धरले. "पोरी, हे मीच टाइप करून आणले होते. तूच फाड."

"थांबा मामा," वाल्मीक म्हणाला. "एवढी घाई कशाला? पेट्या सापडल्या, आनंदच आहे. जयरामवरचा डाग गेला. पण निकिताला तरी हा व्याप झेपणार आहे का? तिचंच भलं बघायचं तर—"

"माझं भलं मी बघते, दादा." लग्न होऊन आल्यापासून निकिता त्याचं वाक्य मधे तोडून कधी बोलली नव्हती. तिने कागद घेतले, फाडले नाहीत, घडी करून पर्समध्ये ठेवले. "हे राहू देत माझ्याकडे. माझ्या स्नेहलला मोठी झाल्यावर दाखवीन."

तेजल कॉम्प्युटरसमोर बसली होती. काहीतरी करत राहणं बरं वाटत होतं, म्हणून तिने येताना चार नंबरच्या कुलपातली चिप काढून आणली होती. ते कुलूप इतर दारांसारखं तारेने जोडलेलं नव्हतं. कोणी कधी उघडलं ते त्याच्या स्वतःच्या पोटात राहायचं आणि आजवर ते बाहेर काढायची कोणाला गरज पडली नव्हती. केरूबाबांनी त्या संध्याकाळी ते दार उघडल्याची नोंद मिळाली की ती छापायची आणि नवनाथपासून सगळ्या शेतकऱ्यांना वाटायची, असं तिने ठरवलं. आधीचा कागद तिनेच छापला होता. हाही तीच छापणार होती.

पडद्यावर गेल्या दोन वर्षांतल्या नोंदी आल्या. मोजून चार ओळी.

तिने त्या वाचल्या. पुन्हा वाचल्या. मग हळूच खुर्ची सरकवून ती पडद्यासमोर आडवी आली, पण पडदा भिंतीवरचा होता, मोठा होता आणि ती एवढीशी होती.

"तेजू," वाल्मीक म्हणाला. ही हाक तो फार क्वचित मारायचा. "बंद कर ते आता. पुष्कळ झालं. घरी जाऊ."

तिने बापाकडे पाहिलं. तो डोळ्यांनी विनवत होता. तिला आठवलं, कॉलेजातून आल्यावर हे सगळं मशीन घ्यायला एकच माणूस तयार झाला होता. जयरामकाका म्हणाले होते, कशाला खर्च. बाबा म्हणाले होते, माझ्या पोरीचं डोकं आहे, तिने सांगितलं म्हणजे घ्यायचं.

"काय लिहिलंय?" आक्काबाईने विचारलं.

"आजी, चार ओळी आहेत."

"वाच."

"पहिली, काकांच्या कार्डाची. म्हणजे केरूबाबांची. काका गेले त्याच्या आदली संध्याकाळ, सहा चाळीस." तिने बोट खालच्या ओळीवर नेलं. "दुसरी गड्याची, मागच्या पावसाळ्यातली. जाळी मोडली तेव्हाची. चौथी आजची."

"तिसरी सांग."

बाहेर कोणीतरी ट्रॅक्टर मागे घेत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"तिसरी मी वाचते," निकिता म्हणाली. ती पडद्यासमोर जाऊन उभी राहिली होती. एकेक अक्षर पहिलीतल्या मुलासारखं तिने लावलं. "वाल्मीक पुंजाराम. आठ महिन्यांपूर्वी. दार अकरा मिनिटं उघडं."

मामांनी खुर्चीचा हात धरला. "वाल्मीक? तुला माहीत होतं?"

"मशीन..." वाल्मीक म्हणाला आणि थांबला.

"बोल ना," मामा म्हणाले. "मशीन खोटं बोलत नाही. तूच सांगायचास आम्हाला."

वाल्मीकने टेबलावरचा गार चहा उगाच हलवला. तो वाईट माणूस नव्हता, निदान आजवर त्याला स्वतःला तरी तसं वाटत होतं. चार नंबर नीट थंडी धरत नाही म्हणून तो त्या दिवशी तिथे गेला होता. ताडपत्री उचलली तेव्हा पहिल्यांदा त्याला रडूच आलं होतं, आनंदाने. माझा भाऊ चोर नव्हता! ते त्या अकरा मिनिटांतलं पहिलं मिनिट असेल. उरलेल्या दहा मिनिटांत त्याला बाकीचं सगळं आठवलं.

"कसं सांगणार होतो, मामा?" तो म्हणाला. "दीडशे शेतकऱ्यांपुढे मी हात जोडून बोललो होतो, माझा भाऊ चुकला, मला माफ करा. लोक म्हणाले, वाल्मीकसारखा सच्चा माणूस नाही. आणि सहा महिन्यांनी जाऊन सांगू, की मी मागच्या खोलीत डोकावूनही बघितलं नव्हतं? रोज वाटायचं, उद्या सांगू. एकदा तर सांगणारच होतो. मग निकिताच म्हणाली, मी हिस्सा सोडते, मला इथे तोंड दाखवायला नको वाटतं. तेव्हा... तेव्हा मला वाटलं, राहू दे."

"राहू दे," निकिता म्हणाली.

"पाटल्या मी दुप्पट करून—"

"पाटल्यांचं नाव काढू नका, दादा." ती ओरडली नाही. ओरडली असती तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. "शाळेत स्नेहलला 'माझे बाबा' असा निबंध लिहायचा होता. दिवाळीनंतरची गोष्ट. तिने काय केलं माहितीय? बाबांवर लिहिलंच नाही. तुमच्यावर लिहिला. माझे मोठे काका नेहमी खरं बोलतात, असं लिहिलं. बाईंनी दहापैकी नऊ दिले. तुम्हाला वाचून दाखवला होता तिने. तुम्ही तिला पन्नासची नोट दिलीत, दादा. तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

वाल्मीकने डोळे मिटून घेतले. तेजल रडायला लागली आणि तिला कोणी गप्प केलं नाही.

मग वाल्मीक लेकीजवळ सरकला. आवाज त्याने अगदी खाली आणला होता, पण खोली लहान होती, सगळ्यांना ऐकू आलं. "तेजू, केरूची नोंद छाप. सगळ्यांना वाट. जयरामचं नाव स्वच्छ होऊ दे, मी स्वतः दारोदार जाईन. फक्त ती तिसरी ओळ... ती तेवढी कमी करता येते ना गं?"

तेजलला ते करता येत होतं. दोन बटणांचं काम. तिने आजीकडे पाहिलं.

आक्काबाई उठली. खुर्चीला धरून, टेबलाला धरून ती वाल्मीकपाशी आली आणि तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी ताप आला की ठेवायची तसा.

"जयरामचं नाव कमी करा, म्हणून तू चारदा आला होतास माझ्याकडं," ती म्हणाली. "कार्ड बंद करू, पाटी बदलू. मी दर वेळी नाय म्हणले. तुला राग यायचा. आपल्या घरात नाव कमी करायची रीत नाय, वाल्मीक. तुझंबी राहू दे."

तेजलने छापायचं बटण दाबलं. कागद बाहेर आला, त्यावर चारही ओळी होत्या.

केरू कधीच उठून गेला होता. मोजणी अर्धी राहिली होती आणि अर्धी मोजणी सोडून बसणं त्याला जमत नसे. चेंबर एकपाशी जाऊन त्याने गळ्यातलं कार्ड दाराला लावलं.

टुंग.

पडद्यावर जयरामचं नाव आलं. या वेळी कोणी दचकलं नाही. वाल्मीक तेवढा खुर्चीतून ताडकन उठला आणि दाराकडे बघत उभा राहिला.